मदत हवी आहे: पळणाऱ्या पोरीचा जन्मदाखला

नमस्कार मंडळी. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर मी रविवारी पोरांना पळायचा सराव देतो. त्यात कोकणा समाजाची एक मुलगी आहे. घाटाच्या चढावर अनवाणी पळते नि मोठ्या पोरांना मागे टाकते. माझे जुने बूट दिले, तर पुढे कापूस कोंबून पळाली आणि अर्ध्यात एक बूट काढून हातातच घेतला!

अडचण वेगळीच आहे. जन्म घरी झालेला, नोंद नाही. शाळेत गुरुजींनी जन्मतारीख १ जून टाकलेली. स्पर्धेला जन्मदाखला मागतात. वर्ष उलटलेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो म्हणे. आमच्या दोन खेपा फुकट गेल्या, आणि एका खेपेला बापाची मजुरी बुडते.

शिवाय दिवाळीनंतर घरचे निफाडकडे द्राक्षबागेत कामाला जातात, तीही जाते. सराव बंद. जो तो कविता राऊतचं नाव घेतो. तीही याच नाशिक जिल्ह्यातली, सावरपाड्याची; २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य. पण दाखल्याचं काय?

घरच्या बाळंतपणाला कुठले पुरावे चालले, कुणी केलंय का? नाशिकमध्ये हंगामापुरती मुलीची राहायची सोय? आणि चार नंबरचे वापरलेले स्पाइक्स (पळायचे खिळ्यांचे बूट) असतील तर कळवा, मी येऊन नेईन.