गुडघ्यावरची शंकास्पद गाठ: आधी एमआरआय की आधी तुकडा?

प्रश्न (निवासी डॉक्टर, ऑर्थो)
मुलगा १५ वर्षांचा. गुडघ्याच्या वर दोन महिने दुखतंय, रात्री जास्त. एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला काळा-पांढरा मिश्र डाग, कडेला पेरिऑस्टियम (हाडावरचं पातळ आवरण) उचलून त्रिकोण झालाय. ईएसआर (रक्तातली दाह दाखवणारी चाचणी) थोडा वाढलेला. ऑस्टिओमायलायटिस (हाडातला संसर्ग) की सार्कोमा (हाडाचा कर्करोग)? उद्या इथेच छेद देऊन तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) घेतला तर वेळ वाचेल ना?

रेडिओलॉजी
थांबा. तो त्रिकोण, म्हणजे कॉडमनचा त्रिकोण, संसर्गातही दिसतो. हाडाबाहेरच्या मऊ भागात ढगासारखं हाड धरत असेल तर मात्र सार्कोमाचा संशय बळावतो.

एमआरआय आधीच. सुई गेली की रक्त साचतं, सूज येते, मग गाठीची हद्द लावणं अवघड. आणि नुसता 'एमआरआय नी' लिहू नका, तिथेच चुकतं. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत अख्खं फीमर (मांडीचं हाड) हवं, कारण त्याच हाडात वर वेगळं स्किप लिजन (मूळ गाठीपासून सुटी दुसरी गाठ) असू शकतं. मज्जेतली गाठीची लांबी एमआरआयच्या टी१ प्रकारच्या चित्रांवर मोजा. स्टर प्रकारच्या चित्रांवर भोवतालची सूजही चमकते आणि गाठ उगाच मोठी दिसते. छातीचा सीटीही त्याच फेरीत उरका.

ऑर्थो-ऑन्कोलॉजी
उद्या छेद नकोच. बायोप्सीची वाट पुढे गाठीबरोबर काढून टाकावी लागते, म्हणून जो पाय वाचवण्याचं ऑपरेशन करणार त्यानंच ती ठरवायची. आडवा छेद घेतला की जास्त कातडी आणि स्नायू जातात. बहुतेकदा जाड कोअर सुई पुरते: एकाच छिद्रातून, दिशा थोडी थोडी बदलत, चार-पाच तुकडे. सांध्यात शिरू नका, रेक्टस फेमोरिस (मांडीचा पुढचा स्नायू) आणि मोठ्या रक्तवाहिन्या टाळा. तुकडा बाहेरच्या मऊ भागातून घ्या. हाडाला भोक पाडलं तर ते तिथेच मोडायची भीती.

पॅथॉलॉजी
सगळे तुकडे फॉर्मलिनमध्ये टाकले की कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) संपलं! एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चर आणि टीबीच्या जीनएक्स्पर्ट चाचणीसाठी. बाकीचे १० टक्के फॉर्मलिनमध्ये. 'पू आला' म्हणून फक्त कल्चर पाठवणंही चूक, युइंगची गाठ (हाडाच्या कर्करोगाचा एक प्रकार) कधीकधी अगदी पुवासारखी निघते. युइंगची शंका असेल तर फॉर्मवर लिहा, म्हणजे तुकडा तीव्र आम्लाऐवजी ईडीटीए या सौम्य द्रावणात डीकॅल्सिफाय करता (त्यातलं कॅल्शियम काढता) येईल; आम्लात डीएनए खराब होऊन फिश ही जनुकीय चाचणी फसते. एक्स-रे सोबत हवाच. नवा कॅलस (मोडलेलं हाड जुळताना तयार होणारं हाड) स्लाइडवर ऑस्टिओसार्कोमासारखा (हाड तयार करणाऱ्या सार्कोमासारखा) भासू शकतो.

प्रश्नकर्ता
समजलं. तोवर पायाचं काय?

ऑर्थो-ऑन्कोलॉजी
लाँग नी ब्रेस (गुडघा सरळ धरणारा लांब पट्टा), कुबड्या, त्या पायावर भार नाही. तेल लावून चोळू नका, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. हाड मोडलं तर गाठीच्या पेशी रक्ताबरोबर आसपास पसरतात आणि पाय वाचवणं अवघड होतं.