मदत हवी आहे: भाच्याने विमानतळावर जीव वाचवला, सरकारी पुरस्कारासाठी अर्ज कुठे करायचा?

वैतागलेला_मामा: माझ्या भाच्याने एकाचा जीव वाचवला. कंपनीने सर्टिफिकेट अन् पेढ्यांचा बॉक्स देऊन फोटो काढला, विषय संपला. मला त्याला सरकारी पुरस्कार मिळवून द्यायचाय. एका ऑफिसात चौकशी केली तर या टेबलावरून त्या टेबलावर. कुणी असा अर्ज केलाय का? लवकर सांगा.

तिरकस_पुणेकर: मामा, जीव वाचवला म्हणजे नक्की काय केलं? कधी? भाचा पायलट आहे, सिक्युरिटीत आहे की कॅन्टीनमध्ये वडे तळतो?

जयहिंद_७१: थेट अशोक चक्रासाठी प्रयत्न करा. नीरजा भनोतला मिळालंच की. ५ सप्टेंबर १९८६, कराची, पॅन ॲम ७३ विमानाचं अपहरण, ती त्यातली हवाई सुंदरी. दार उघडून स्वतः पहिली उतरली असती तर वाचली असती, पण लोकांना बाहेर काढत राहिली अन् मुलांना वाचवताना गोळ्या लागल्या. पहिली सिव्हिलियन होती ती.

जुना_नागपूरकर: पहिली कशी? १९५५ चं 'काश्मीर प्रिन्सेस' विसरलात? इंडोनेशियातल्या बांडुंग परिषदेला जाणारं एअर इंडियाचं विमान, हाँगकाँगला बॉम्ब ठेवलेला, चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय टार्गेट होते पण ते त्यात नव्हतेच. पंख पेटलेला असताना कॅप्टन जटारांनी विमान समुद्रात उतरवलं. १९ पैकी तिघेच वाचले, दीक्षित, कर्णिक आणि पाठक. जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी गेले. पाचही जणांना अशोक चक्र पुरस्कार दिला. आपल्याकडे कितीजणांना जटार माहितीयेत?

जयहिंद_७१: तेव्हा अशोक चक्राचे तीन वर्ग होते हो, खालच्या दोन वर्गांची कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही नावं १९६७ ची. कुणाला कुठला वर्ग ते बघून बोला.

जुना_नागपूरकर: वर्ग कुठलाही असो, ती माणसं नीरजाच्या ३१ वर्षं आधीची आहेत.

वैतागलेला_मामा: अहो इतिहास नंतर, फॉर्म सांगा. भाचा लोडर आहे, कॉन्ट्रॅक्टवर. पावसात उभ्या विमानाला जीपीयूची (जमिनीवरून वीज देणाऱ्या मशीनची) केबल लावताना बरोबरच्या पोराला करंट लागला, हात सुटेना. सगळे ओरडत होते. याने आधी जीपीयूचं लाल बटण दाबलं, मग चाकाखाली लावायचा लाकडी चोक घेऊन केबल ढकलली. पोराची नाडी लागत नव्हती, अँब्युलन्स येईपर्यंत हा छाती दाबत बसला. पोरगा आज ठणठणीत आहे.

बाबूगिरी_निवृत्त: हे आधी सांगायचं ना. ही केस जीवन रक्षा पदकाची. सर्वोत्तम, उत्तम आणि साधं अशी तीन, केंद्रीय गृह मंत्रालय देतं. बुडणं, आग, विजेचा धक्का हे सगळं त्यात बसतं. शिफारस राज्य सरकार किंवा संबंधित मंत्रालयाकडून जाते, म्हणून कलेक्टर ऑफिसला लेखी द्या अन् पोचपावती घ्या, तोंडी विचारत फिरू नका. घटनेला दोन वर्षं झाली नाहीत ना? तारीख अजून सांगितली नाहीत.

सेफ्टी_शूज: ड्युटीवर असताना केलं तर चालत नाही असं ऐकलंय.

बाबूगिरी_निवृत्त: ती अट पोलीस, सैन्य अन् फायर सर्व्हिसला. लोडरचं काम सामान चढवणं-उतरवणं, जीव वाचवणं नाही.

सेफ्टी_शूज: पदक ठीक आहे हो, पण भिजलेली केबल हातात दिली कुणी? आधी त्याची चौकशी लावा. मी रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथे, काम केलंय, पावसाळ्यात हेच चालतं.

वैतागलेला_मामा: मागच्या वर्षी गणपतीच्या आधी. चौकशीचं नाव काढलं तर भाच्याची नोकरी जाईल, कंपनी आधीच गप्प राहा म्हणतेय. पोलीस केस झाली नाही, चालेल?

बाबूगिरी_निवृत्त: मुदतीत आहात. हॉस्पिटलचे कागद, वाचलेल्या पोराचा जबाब, तिथे असलेल्या दोघा-तिघांची सहीची निवेदनं जमवा, शिफ्ट इनचार्जच्या रिपोर्टची कॉपी मिळाली तर उत्तमच. अन् पेढेवाल्या सर्टिफिकेटवर घटनेची तारीख आहे का बघा, तेही जोडा.

वैतागलेला_मामा: सर्टिफिकेटवर फक्त 'उत्कृष्ट कामगिरी' लिहिलंय.

तिरकस_पुणेकर: म्हणजे पेढेच खरे.

नवीन_मेंबर: लोडरची भरती चालू आहे का? बारावी झालंय.