चवळी, आकारा आणि वरचा एक 'जरा'

इकेजावाली: उसळीसाठी रात्री चवळी भिजत घातली होती. सकाळी चोळून धुताना सालं वर तरंगली आणि थेट नायजेरियातलं लेगॉस आठवलं. इकेजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई पहाटेच कढई चढवायच्या. सगळे त्यांना 'मामा' म्हणायचे, माझ्या लेकाला हसू आवरायचं नाही. सालं काढलेली चवळी, कांदा, मिरची वाटून ते वाटण लाकडी पळीने फेटत बसायच्या. पळी थांबली की समजायचं, आता तेलात पडणार. तोच आकारा. ड्रायव्हर लोक मऊ आगेगे ब्रेडमध्ये कोंबून उभ्याउभ्या खायचे. वडापावच की!

पहिल्या दिवशी मला चार मोजून दिले, वर पाचवा टाकला आणि म्हणाल्या, "जरा!" मी उडालेच. हिला मराठी येतं? तर तिकडे जरा म्हणजे गिऱ्हाइकाला वर घातलेलं.

तुमच्यापैकी कोण कोण होतं तिकडे? लिहा.

मिरचीभजी: आमच्या भाजीवालीने वरची कोथिंबीर बंद केलीय. तिला पाठवा लेगॉसला.

आक्रारिटर्न: घानात यालाच कोसे. सोबत हाउसा कोको, म्हणजे बाजरीची पेज, आलं-लवंग घालून. पण माझा जीव वाचेवर! तांदूळ-चवळी एकत्र, रंगासाठी ज्वारीच्या ताटाची पानं. पानात बांधून देतात, वर गारी (कसावा कंदाचा रवा), अंडं, चक्क स्पॅगेटी. सासूबाई सोलापूरच्या. पातेल्यातली पानं बघून म्हणाल्या, "अगं, हा तर कडबा!" आणि दोनदा घेतलं, वर काळी शितो चटणी मागून. त्या शाकाहारी. शितोत सुकी कोळंबी असते हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

मिरचीभजी: 😂😂 त्या इथे नाहीत ना?

आक्रारिटर्न: व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, तेवढं पुरे.

तांबडारस्सा: सुया कुणीच लिहिलं नाही?? रात्री हाउसा जमातीचा मलाम, म्हणजे सुयावाला, निखाऱ्यांभोवती मांसाच्या काड्या उभ्या करतो. वर याजी, म्हणजे शेंगदाण्याच्या पेंडीची पूड, आलं, मिरची. वर्तमानपत्रात गुंडाळून, कच्चा कांदा. कोल्हापूरचा असून घाम फुटला. बाकी नंतर, बॉस आला.

तांबडारस्सा: हां, तर खाताना मध्येच लाइट आली की अख्खी गल्ली ओरडायची "अप नेपा!" नेपा ही वीज कंपनी 2005 लाच गेली, आरोळी राहिली.

आक्रारिटर्न: आमच्याकडे दुमसोर. दुम म्हणजे विझव, सोर म्हणजे पेटव. फ्रीजमधलं दही रोज देवावर.

वसईकर: इन्व्हर्टर कुठला होता? आमचा दोन वर्षांत बसला.

नुसतीवाचक: विषय काय, चाललंय काय 🙏 इकेजावाली, त्या बाईंचं पुढे काय झालं?

इकेजावाली: आम्ही निघालो तेव्हा दुसरी कढई घेतली होती. भिशीतून. तिकडे आजो म्हणतात. वही घेऊन एक माणूस रोज यायचा, ठरलेली रक्कम न्यायचा, महिन्याअखेर एका दिवसाचे पैसे स्वतःला ठेवून बाकी परत. म्हणजे साठवायला व्याज मिळायचं नाही, उलट द्यायचं! मी हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, घरात ठेवले तर राहतात का? काय बोलणार. माझ्याही डब्यातले राहात नव्हते.

आक्रारिटर्न: घानात सुसु. अगदी हेच.

बिझीआई: पुण्यात प्लॅन्टेन, म्हणजे ती शिजवायची मोठी केळी, मिळतात का? केलेवेले करायचंय, त्याचेच मसाला लावून तळलेले तुकडे.

वसईकर: पिकलेली राजेळी घ्या. नाहीतर केरळी दुकानात नेंद्रन.

इकेजावाली: अहो, उसळ राहिली, मी सालंच काढत बसले 😄 आता मिक्सरमध्ये पाणी जास्त झालंय. आकारा तेलात पसरतोय. बेसन घालू का?

आक्रारिटर्न: बेसन?? फेटा अजून.

इकेजावाली: हात दुखतोय.

मिरचीभजी: जरा फेटा.