मदत हवी आहे: गणिताचा तास बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं?

नमस्कार मंडळी, नाशिकला सातपूर भागातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत यंदा पर्यवेक्षिका झालेय, आधी विज्ञान शिकवायचे. पालक बहुतेक एमआयडीसीत कामाला, क्लासची फी सगळ्यांना झेपत नाही, त्यामुळे दहावीला जे काय होणार ते शाळेतल्या तासांवरच. गणिताचे लेखी ४०-४०चे दोन पेपर आणि अंतर्गत २०, त्यात बरीच मुलं अंतर्गतवर कशीबशी तरतात आणि लेखीत गाळण उडते.

सराव परीक्षेचे भूमितीचे पेपर घेऊन बसले होते. पायथागोरसचं प्रमेय सगळ्यांना तोंडपाठ, पण आकृतीत काटकोन वर दिला की भरपूर मुलं दोन तिरप्या बाजूंतली मोठी असेल तिलाच कर्ण धरतात, खालची आडवी बाजू कर्ण असू शकते हे त्यांना सुचतच नाही. ही चूक वर्गात फळ्यावर आकृती फिरवून दाखवली की तिथल्या तिथे पकडता येते. पण पाठ निरीक्षण म्हणजे टाचण आहे का, फलकलेखन बरं आहे का, मग लॉगबुकात "विद्यार्थी सहभाग वाढवावा" लिहून सही, एवढंच चालत आलंय. त्यातून मुलांच्या पदरात काय पडतं?

मला वाटतं एका तासाला एकच गोष्ट बघावी, म्हणजे प्रश्न विचारल्यावर उत्तर कोण देतं, पुढच्या बाकावरची ठरलेली मुलं की मागचीही, आणि त्यावर त्याच दिवशी शिक्षकांशी बोलावं. शिवाय दर आठवड्याला छोटी चाचणी. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात (तो कॉलेजच्या मुलांवर होता) पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं. आणि रुथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली, शेऱ्यासोबत मार्कही दिले तर तो फायदा गेला. म्हणून या चाचण्यांवर मार्क लिहूच नयेत असं माझं मत आहे, पण पालक मार्क विचारणारच, त्यांना काय सांगायचं?

खरी अडचण वेगळीच आहे. गणिताचे सर मला खूप सीनियर, शिकवतातही मनापासून, पण मी वर्गात शिरले की ते अवघडतात, मुलं गप्प होतात आणि रोजचा तास बघायलाच मिळत नाही. त्यांचा मान राखून हे कसं करावं? कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
ताई, मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आधी सरांना तुमच्या विज्ञानाच्या तासाला बोलवा आणि मागची मुलं किती बोलली ते त्यांनाच टिपायला सांगा. मग ते कर्णाचे पेपर घेऊन दोघं बसा, मार्क न बघता फक्त चुकांचे गठ्ठे करा. पुढचा तास कोणत्या चुकीवर घ्यायचा ते त्यांना ठरवू द्या, आणि त्या तासाला येऊ का असं विचारून जा. निरीक्षणाचा फॉर्म नेऊ नका. पालकांना मार्कांऐवजी वहीच दाखवा, चूक कुठली होती आणि पोरानं ती कशी दुरुस्त केली ते त्यात दिसतं.