चौघांच्या मुक्कामी ट्रेकसाठी सामान हलके करायचे आहे. आधी काय बदलावे?

घोडबंदरकर:
आम्ही ठाण्यात राहणारे चौघे (मी, पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा) दर हिवाळ्यात सह्याद्रीत मुक्कामी जातो. सामान स्वस्तात घेतलेले आणि दणकट आहे, पण आता ते झेपेनासे झाले आहे. दिवाळीनंतर राजमाचीला निघताना माझी सॅक १७ किलोंची भरली. चौघांचा तंबू ४.६ किलो, दोन स्लीपिंग बॅगा प्रत्येकी १.९ किलो आणि रिकामी सॅक २.३ किलो, म्हणजे पाणी, शिधा आणि भांडी धरण्याआधीच १०.७ किलो झाले. डिसेंबरात पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड आणि मे महिन्यात हिमाचलातला एखादा ट्रेक करण्याचा विचार आहे. २५,००० रुपयांत चौघांचे सगळे सामान बदलणे शक्य नाही, हे मला कळते. मग सुरुवात सॅकपासून करावी का?

नेरूळचा भटक्या:
सॅक सर्वांत शेवटी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. हलक्या सॅकचा सांगाडा आणि कंबरपट्टा बेताचाच असतो, त्यामुळे आतले ओझे कमी न करता नुसती सॅक बदलली तर सगळा भार कमरेऐवजी खांद्यांवर येतो. मी हीच चूक केली होती आणि कळसूबाईच्या शिड्या येईपर्यंत माझे खांदे सोलवटून निघाले होते.

आपला खरा शत्रू तंबू आहे, परंतु तोही लगेच विकत घेऊ नये. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या बाजूला स्थानिक लोक तंबू भाड्याने देतात आणि जेवणही करून देतात. हिमालयात यूथ हॉस्टेल्स असोसिएशनसारख्या संस्थेबरोबर गेल्यास तंबू आणि स्लीपिंग बॅगा संस्थाच पुरवते. तेव्हा दोन्ही बेतांना आपला तंबू घरी राहू शकतो. पैसे खर्चायचेच असतील तर आधी दोघा मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगांवर खर्च करावेत. त्या घेताना वेष्टनावरच्या दोन तापमानांपैकी ‘कम्फर्ट’चा आकडा पाहावा, ‘लिमिट’च्या आकड्यावर विसंबणारा माणूस रात्रभर कुडकुडतो.

खारघरची आई:
मी दोन मुलांना घेऊन फिरते, म्हणून मुलांविषयी लिहिते. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ओझे असेल तर ते तक्रार न करता चालते. त्यापुढे ती सॅक शेवटी आपल्याच हातात येते. मुलांसाठी वेगळ्या महागड्या बॅगा घेऊ नयेत, कारण दोन वर्षांत त्या आखूड पडतात. आम्ही पूर्ण उघडणारी एक मोठी बॅग रजईसारखी पसरतो आणि तिच्याखाली मी व धाकटा झोपतो. खाली मात्र प्रत्येकाची कॅरिमॅट (फोमची पातळ चटई) हवीच, कारण अंगाखाली दबलेली बॅग ऊब देत नाही.

बाकीचे ओझे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सापडते. स्टीलच्या जाड बाटल्यांऐवजी साध्या प्लॅस्टिकच्या बाटल्या न्याव्यात, आणि पाणी पुढे कोठे मिळेल हे पायथ्याच्या गावात विचारूनच भरावे, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. जीन्स तर घरीच ठेवावी. भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही.

ऐरोलीकर:
वरच्या सल्ल्यात एक भर घालतो. डाउनच्या, म्हणजे पिसे भरलेल्या बॅगा तेवढ्याच उबेला खूप हलक्या असतात खऱ्या, पण ओल्या झाल्या की त्यांची ऊब जाते. सॅकमध्ये आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी लावण्याची शिस्त नसेल तर सिंथेटिक बॅगच बरी. पुढेमागे तंबू घ्याल तेव्हा एकेरी कापडाच्या हलक्या तंबूच्या मोहात पडू नये, कारण आपल्याकडच्या दमट हवेत त्याच्या आतल्या बाजूला इतके दव साचते की पहाटे अंगावर थेंब पडतात. आणि हिमाचलला जाताना शेगडीचा गॅसचा डबा घेऊन निघू नये. तो विमानात चालत नाही आणि रेल्वेतही नाही.

घोडबंदरकर:
सर्वांचे आभार. काल रात्री सगळे सामान काट्यावर ठेवले. तंबू वगळला, माझ्या नावावर असलेला कुकर आणि दुसरी टॉर्च बाजूला काढली, तर एक रुपयाही न खर्चता सॅक ११ किलोंच्या आत आली. कुकर राहू द्यावा असे पत्नीचे म्हणणे आहे. त्यावर अजून चर्चा सुरू आहे. या महिन्यात दोन डाउन बॅगा पाहायला जाईन. सॅकचे पुढच्या वर्षी पाहू.