मदत हवी आहे: मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीला, गुरुवारपर्यंत फॉर्म द्यायचाय

कळव्याची_आई
नमस्कार. मुलीने एफवाय बीएस्सीला ॲडमिशन घेतली, मेजर (मुख्य विषय) केमिस्ट्री. घरात सायन्सचं कोणी नाही. हे दुकान बघतात, मी कॉमर्सची. कॉलेजने मायनर म्हणजे जोड विषयाचा फॉर्म दिलाय, तो गुरुवारी द्यायचा आणि मग बदलता येणार नाही असं ऑफिसात सांगितलं. फिजिक्स घ्यावं की झूऑलॉजी? आणि केमिस्ट्रीत नेमकं काय काय असतं, प्रॅक्टिकल किती वेळ, क्लास लावावा लागतो का? ती म्हणते "बघू गं आई". मला बघू चालत नाही. लवकर सांगा.

क्यूसी_रबाळे
ताई, बारावीला गणित होतं का?

कळव्याची_आई
बारावी सायन्सच केलंय, ८१ टक्के आहेत. मी मायनरचं विचारलंय.

जुना_माटुंगेकर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. साधं बीएस्सी करून काय मिळणार? केमिकल इंजिनिअरिंग करू द्या. माटुंग्याचं आयसीटी, केमिकल टेक्नॉलॉजीचं कॉलेज, म्हणजे आमचं जुनं यूडीसीटी, १९३३ पासूनची संस्था, डॉ. माशेलकर तिथलेच. अजून वेळ असेल तर सीईटीचे मार्क टाका इथे, राउंड बघून सांगतो.

टीवाय_चालू
काका, त्यांनी इंजिनिअरिंग विचारलंच नाहीये. ॲडमिशन झालीय तिची.

काकू, मी आत्ता टीवायला, तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून ताजं सांगते. पहिला धक्का असा की बारावीचं केमिस्ट्री एकच पुस्तक वाटतं आणि इथे त्याचे तीन वेगळे विषय होतात: फिजिकल, इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक. शिकवणारे वेगळे, भाषा वेगळी. मी ऑरगॅनिक घोकून पास व्हायला गेले आणि पहिल्याच सेमला आपटले. तिथे इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो ते बाण काढून दाखवायचं असतं. बाण कळले की शंभर रिॲक्शन चार-पाच कल्पनांत बसतात, नाही कळले तर शंभर पाठ करत बसा.

प्रॅक्टिकल दोन-तीन तास उभ्याने. जर्नल (प्रयोगवही) दर आठवड्याला तपासून घेणं, ते सर्टिफाय झालं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. क्लास मी लावला नाही. सीनियरच्या नोट्स आणि लायब्ररी पुरली.

सानपाडा_४५
कॉलेज कुठलं? म्हणजे ठाण्यात की नवी मुंबईत? त्यावर सगळं आहे.

कळव्याची_आई
वाशीला. सकाळचं आहे.

सानपाडा_४५
मग खरा प्रश्न गाडीचा आहे! कळव्याहून थेट गाडी नाही, ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर (ठाणे-वाशी लोकल) पकडायची. कळवा-ऐरोली जोडमार्गाचं ऐकता ऐकता आमची मुलं मोठी झाली. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण कळवेकरांना त्याचा काय उपयोग? प्रॅक्टिकल दुपारी असेल तर पोरगी घरी यायला संध्याकाळ. डबा दोन वेळचा द्या.

खोपटकर
रिक्षाने ऐरोली स्टेशन गाठता येतं की.

सानपाडा_४५
विटाव्याच्या ट्रॅफिकमधून? रोज? एकदा सकाळी जाऊन बघा.

कळव्याची_आई
गाडीचं आमचं आम्ही बघू, कृपा करून विषयावर या. गुरुवार परवावर आला.

क्यूसी_रबाळे
पुन्हा विचारतो. गणित होतं की बायो घेऊन गणित सोडलं होतं?

कळव्याची_आई
सोडलं होतं. नीटसाठी बायो घेतलं, नीट झाली नाही. केमिस्ट्रीला गणित कशाला लागतं? कॉलेजने ॲडमिशन तर दिली.

क्यूसी_रबाळे
हेच हवं होतं, धन्यवाद. ॲडमिशन मिळते, अडचण नंतर येते. मी टीटीसी एमआयडीसीत औषध कंपनीत चौदा वर्षं क्वालिटी कंट्रोलला आहे. रोजचं उदाहरण देतो. गोळीच्या पाकिटावर एक्स्पायरी छापलेली असते. ती ठरवायला गोळ्या ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवतात, ठरल्या महिन्यांनी काढून आतलं औषध किती उरलं ते मोजतात. शिवाय ३० अंशांना वेगळा साठा, तो वर्षानुवर्षं चालतो. औषध किती वेगाने कमी होतंय हा सगळा हिशेब कायनेटिक्सचा. लॉगरिदम, आलेखाचा चढ, डिफरन्शिएशन. फिजिकल केमिस्ट्रीत हे पहिल्या वर्षापासून येतं आणि गणित सोडलेली मुलं तिथेच बसतात.

माझं मत फिजिक्स घ्या. पुढे जी उपकरणं वापरायची, स्पेक्ट्रोफोटोमीटर वगैरे, त्यांचा पाया फिजिक्स आहे.

टीवाय_चालू
दादा, गणित नसलेल्या मुलीला फिजिक्स मायनर? माझ्या बॅचमधल्या मैत्रिणीने नेमकं हेच केलं. दोन केटी लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले, केमिस्ट्रीचेही मार्क गेले. झूऑलॉजी घेऊ दे, तो तिचा आवडीचा विषय असेल.

क्यूसी_रबाळे
तुमच्या मैत्रिणीचं वाईट वाटलं. पण अवघड म्हणून टाळायचं म्हटलं तर फिजिकल केमिस्ट्री टाळता येणार आहे का?

निवृत्त_बाई_वाशी
मी केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाले. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. गणिताची उणीव फिजिक्स मायनरने भरत नाही, ती गणितानेच भरते. लागणारं गणित थोडं आहे: लॉग, सरळ रेषेचा आलेख, डिफरन्शिएशन-इंटिग्रेशनची तोंडओळख. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीच्या गणिताच्या पीडीएफ फुकट आहेत. रोज पाऊण तास दिला तर दिवाळीपर्यंत होतं. मायनर मग मोकळेपणाने निवडा.

पण "काय अपेक्षा ठेवावी" याचं उत्तर अजून कोणी नीट दिलेलं नाही. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन घ्या, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून प्रमाण मोजायचं. फ्लास्क साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करून ब्युरेटमधून (खुणा असलेल्या उभ्या नळीतून) परमँगनेटचं जांभळं द्रावण सोडायचं. पहिले थेंब रंग सोडायला वेळ घेतात. मुलं घाबरतात, चूक झाली म्हणतात. मग एकाएकी थेंब पडल्या पडल्या रंगहीन व्हायला लागतो. का? त्या अभिक्रियेतून जे मँगनीज तयार होतं तेच पुढची अभिक्रिया वेगाने घडवतं. नव्वद टक्के मुलं शेवटची फिकट गुलाबी छटा आली की रीडिंग टिपून मोकळी होतात. जी मुलगी थांबून "बाई, सुरुवातीला हळू का?" विचारते, तिला केमिस्ट्री लागली असं मी समजायचे. आणि जांभळं द्रावण गडद असल्याने ब्युरेटमध्ये द्रावणाच्या वाकलेल्या पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, वरची वाचायची. हे तिला आत्ताच सांगून ठेवा, पहिल्या वर्षी सगळे चुकतात.

क्यूसी_रबाळे
बाईंच्या बोलण्यात एक भर. रीडिंग जुळवायची सवय लागू देऊ नका. कॉलेजात दोन रीडिंग जमली नाहीत की शेजारच्याचं बघून तिसरं लिहितात, मीही लिहायचो. कंपनीत आकडा थेट वहीत, पेनने. चुकला तर एक आडवी रेघ, बाजूला सही, तारीख आणि कारण. चिठोऱ्यावर लिहून नंतर उतरवणं हासुद्धा गुन्हा धरला जातो, कारण त्या आकड्यावर कुणीतरी गोळी गिळणार असतं. माझ्या हाताखाली हुशार मुलं आली आणि याच एका सवयीपायी घरी गेली. मला फार लागतं ते.

जुना_माटुंगेकर
बरं, इंजिनिअरिंगचा हट्ट सोडतो, गणित नसेल तर तो रस्ता बंदच आहे. पण एमएस्सीसाठी जॅम परीक्षा ध्यानात ठेवा. आयआयटीत त्यावरच घेतात. तयारी एसवायपासून.

खोपटकर
आता डिग्री तीन वर्षांची की चार? पुतण्याला विचारायचंय.

निवृत्त_बाई_वाशी
तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, मग एमएस्सी एक वर्षाचं. पुतण्यासाठी वेगळा धागा काढा.

ताई, आणखी एक. वाशीहून खाडी ओलांडली की मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, बीएस्सीच्या मुलांसाठी त्यांचा नियस नावाचा कार्यक्रम असतो. पहिल्या वर्षीच चौकशी करू दे. आणि तिला स्वतःला काय हवंय ते विचारलंत का?

कळव्याची_आई
खरं सांगते, विचारलं नव्हतं. नीटचा निकाल लागल्यापासून आम्ही दोघी त्या विषयावर बोलतच नव्हतो. काल रात्री सगळ्यांची उत्तरं तिला वाचून दाखवली. म्हणाली, तिला पाणी तपासण्याचं काम करायचंय, खाडीचं, नद्यांचं. शाळेत असताना खाडीवर फ्लेमिंगो बघायला नेलं होतं, तेव्हापासून डोक्यात आहे म्हणे. मला पहिल्यांदा कळलं.

टीवाय_चालू
मग झूऑलॉजीच!

क्यूसी_रबाळे
या कामाला झूऑलॉजी बरोबर, माझा फिजिक्सचा आग्रह मागे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंक्लर पद्धत तिला आत्ताच बघायला सांगा. तेही टायट्रेशनच, स्टार्चचा निळा रंग जातो तिथे थांबायचं. नमुना खाडीवरच बाटलीत रसायनं घालून पक्का करावा लागतो, लॅबपर्यंत तसाच नेला तर आकडा बदलतो. मासे जगतील की नाही ते त्या आकड्यावर कळतं.

कळव्याची_आई
झूऑलॉजी भरलं, आज फॉर्म दिला. गणिताची पीडीएफ तिने स्वतः उतरवून घेतली. सोमवारी पहिलं प्रॅक्टिकल आहे. लॅब कोट स्टेशनबाहेर मिळतो त्यात टेरिकॉटचा स्वस्त आहे, तो चालेल का?

निवृत्त_बाई_वाशी
टेरिकॉट नको, पेटला तर वितळून अंगाला चिकटतो. सुती घ्या, पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत. पायात बंद बूट, पावसाळा असला तरी सँडल नाही. केस बांधून, ओढणी घरी. गॉगल कॉलेज देत नसेल तर स्वतःचा घ्या, तिथे पैसे वाचवू नका.