शेवटची पानं फाटलेली पुस्तकं: लहानपणीच्या वाचनाचे अनुभव लिहा

माळ्यावरचा:
दिवाळीची साफसफाई म्हणून माळा काढला तर जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला फास्टर फेणे सापडला. कव्हर नाही, सुरुवातीची काही पानं नाहीत आणि शेवटचीही नाहीत, म्हणजे मी १९८९ साली जसा सोडला होता अगदी तसाच. हे पुस्तक चौथीत असताना मी निदान दहा वेळा वाचलंय आणि त्याचा शेवट मला आजही माहीत नाही, कारण शेवटच्या पानांच्या होड्या झाल्या होत्या. भाऊ म्हणतो तू केल्यास, मी म्हणतो त्याने केल्या, ते जाऊदे. तेव्हा रोज रात्री पांघरुणात शिरलं की मी वेगळा शेवट लावायचो.

परवा मुलाला वाचून दाखवायला घेतलं. वय ९, इंग्रजी मिडियम, मराठी अजून बोट ठेवून वाचतो. लेखक भा. रा. भागवतांचं वाक्य असं धावतं की वाचणाऱ्यालाच धाप लागते, आणि फेणेचं ते ट्टॉक् आलं की हा पठ्ठ्या जीभ टाळूला लावून स्वतःच ट्टॉक् करणार, मग मी वाक्य परत पहिल्यापासून वाचणार. फेणेचं गाव फुरसुंगी खरंच आहे का विचारलं, म्हटलं आहे की, हडपसरच्या पुढे, तर म्हणे रविवारी जाऊया. आणि मग पानं संपली. "बाबा, पुढे?" आता काय सांगणार कपाळ.

तर तुमचंही लिहा. चित्रांचं पुस्तक असो, चांदोबा असो, चोरून वाचलेली रहस्यकथा असो. कुठून मिळालं, कोणी दिलं, कोणी हिसकावून घेतलं, आता परत वाचून कसं वाटलं. "हल्लीची मुलं वाचतच नाहीत" हे सोडून काहीही चालेल, ते व्हॉट्सॅपवर पुरेसं येतं.

गिरगावकर_होते:
माझा प्रॉब्लेम उलटा, मला शेवट नेहमी आधीच कळायचा. आजीला बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचं व्यसन होतं. झुंजार, काळापहाड, जे येईल ते. या माणसाने हजारावर पुस्तकं लिहिली त्यामुळे आजीला कधी उपास घडला नाही. कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून रोज एक पुस्तक आणायचं काम माझ्याकडे. लायब्ररीवाले काका चष्म्यावरून बघायचे, "आजीसाठीच ना रे?" मी हो म्हणायचो आणि जिन्यात बसून निम्मं संपवायचो. पण वर गेलं की आजी आधी शेवटचं पान उघडायची आणि चोर कोण ते मोठ्यांदा जाहीर करायची. म्हटलं अगं आजी असं काय करतेस, तर म्हणे एकदा कळलं की मग शांतपणे वाचता येतं, उगीच जिवाला घोर कशाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर मीच वाचून दाखवायचो, तेव्हा सूड घेतला, शेवटचं पान वाचायचं असेल तर चार आणे.

साधीसुमा:
सगळे फेणे, सगळे गोट्या. आमच्या कॉलनीत दूरदर्शनवर 'गोट्या' सिरियल लागल्यावर गोट्या व्हायला पाच मुलगे तयार आणि मी एकटी मुलगी म्हणून कायम सुमा. सुमाने काय करायचं तर गोट्याने पराक्रम केला की कौतुकाने बघायचं. एक दिवस मी सरळ संपच केला. मग आईने तिच्या माहेरून गोट्या लिहिणाऱ्या ना. धों. ताम्हनकरांचंच चिंगी आणून दिलं, म्हणजे मुलीचंही पुस्तक होतं हो त्यांचं, कोणी सिरियल केली नाही एवढंच. आमच्या बॅचच्या किती जणींनी मनातल्या मनात फेणेला 'फेणी' करून वाचलंय ते सांगा जरा. (गोव्याच्या लोकांनी हसू नये.)

माळ्यावरचा:
फेणी 😄 फेणेचीही सिरियल होती बरं का, १९८७ ची, सुमीत राघवन. आमच्या शाळेत अर्ध्या पोरांनी त्याच्यासारखा भांग पाडला होता.

बांधावरून:
तुमच्याकडं निदान फाटकी तरी होती. आमचं गाव लातूरच्या बाजूला, शाळेत एक लोखंडी कपाट, त्याला काच, काचेतून पुस्तकं दिसायची आणि कपाटाला हे एवढं कुलूप. चावी जानव्याला बांधता आली असती तर तीही बांधली असती हेडमास्तरांनी. कशामुळं, तर साहेब तपासणीला आले आणि पुस्तक फाटलेलं निघालं तर पगारातून कापतील ही भीती. त्यामुळं पुस्तकं कशी करकरीत, वास सुद्धा दुकानातला.

सातवीत असताना कपाट नव्या खोलीत हलवायचं ठरलं. उचलायला आम्ही चार पोरं. आधी पुस्तकं बाहेर काढा म्हणले आणि गुरुजी गेले चहाला. मी भिंतीला टेकून उभ्याउभ्या वाचायला लागलो, पुण्याचा कोणी काटकुळा पोरगा सायकलवरून चोराच्या मागं. पुण्यातले बोळ कसे असतात काही माहीत नाही, आमच्याकडं गावाला दोनच रस्ते, एक येयचा एक जायचा, तरीबी डोळ्यासमोर सगळं दिसत होतं. गुरुजी आले, पुस्तक गेलं कपाटात. पुढचं काय झालं ते कळायला मला औरंगाबादला कॉलेजात यावं लागलं.

पण त्या अर्ध्या पुस्तकानं डोकं फिरवलं ते फिरवलंच. दोन आठवड्यांनी आमची शेळी हरवली. घरचे म्हणले लांडग्यानं नेली. मी म्हणलं थांबा. लेंड्यांचा माग काढत गेलो, बाभळीला दोरीचा काथ्या अडकलेला, पुढं बैलगाडीच्या चाकोरीपाशी माग संपला, म्हणजे शेळी गाडीत चढवली. लांडगा काही गाडी जुंपत नाही. त्या दिवशी बाजाराला एकच गाडी गेली होती, आमच्या चुलत्याची. रात्री सगळे जेवायला बसले असताना मी उभा राहून केस सोडवली, अगदी पुरावा दाखवून, काथ्या खिशातच होता. पुस्तकातल्या पोराला अशा टायमाला बक्षीस मिळतं. मला चुलत्याकडून दोन आणि "घरातली गोष्ट अशी बोलतेत का" म्हणून वडलाकडून एक. शेळीचे पैसे चुलत्यानं पुढं दिवाळीला दिले.

आता मी स्वतः शिक्षक आहे. कपाटाला कुलूप नाही. वर्षाला वीस-पंचवीस पुस्तकं जातात, म्हणजे लेकरं घरी नेतेत आणि आणत नाहीत. मी रजिस्टरला 'जीर्ण' लिहितो.

साधीसुमा:
बांधावरून, 'जीर्ण' ला माझा साष्टांग नमस्कार.

इंदूरी_पोहे:
आमच्याकडे मराठी फक्त घरात. मावशी नागपूरहून किशोरचे अंक साठवून साठवून सुतळी बांधून पाठवायची, कोणी येणारं असलं की त्यांच्याबरोबर. किशोर बालभारतीचा, १९७१ पासूनचा, तेव्हा माझ्या आधी ताईने वाचलेले अंकही त्याच गठ्ठ्यात मिसळलेले. त्यामुळे क्रमशः कथा मी कधीच क्रमशः वाचली नाही. आधी भाग चार, मग दोन, मग डायरेक्ट शेवट, आणि एक नंबर येईपर्यंत मी कॉलेजात. राजपुत्र आधी मोठा व्हायचा मग जन्मायचा. आता बालभारतीने जुने अंक ऑनलाइन टाकलेत तर मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून राहिलेले भाग वाचते, नवरा म्हणतो काय बघतेस एवढं, काय सांगू.

निळी_शाई:
रशियन पुस्तकं कोणी काढली नाहीत अजून? प्रदर्शनाची गाडी यायची, जाड गुळगुळीत कागद, पानभर रंगीत चित्रं, आणि किंमत इतकी कमी की वडील कुरकुरत नसत, हे महत्त्वाचं. मराठीत असायची, अनिल हवालदारांनी मॉस्कोत राहून अनुवाद केलेली कितीतरी. कोल्हापूरच्या मे महिन्यात गच्चीवर बसून मी बर्फात हरवलेल्या भावांची काळजी केलीय. १९९१ नंतर गाडी यायची थांबली, आम्हाला वाटलं ड्रायव्हर बदलला असेल. देश बदलला होता हे दहावीच्या इतिहासात कळलं.

वेरूळ_रोड:
मी वयाने मोठा झाल्यावर वाचलेलं चालेल ना? सत्यजित रायांचा गुप्तहेर फेलूदा, अशोक जैनांनी मराठीत आणलेला. रायांच्या आजोबांनी 'संदेश' मासिक काढलं १९१३ मध्ये, त्याच मासिकात नातवाने १९६५ ला फेलूदा सुरू केला. त्यातली एक गोष्ट आमच्या वेरूळला घडते, मूर्तीचोरांच्या मागे फेलूदा कलकत्त्याहून थेट कैलास लेण्यात. मी तिथे लहानपणापासून शंभर वेळा गेलोय, पाहुणे आले की वेरूळ, पाहुणे आले की वेरूळ, कंटाळा यायचा. गोष्ट वाचल्यावर पहिल्यांदा एकटा गेलो आणि खांबाच्या मागे कोण लपू शकेल ते बघत फिरलो, वय वर्षं ३४. मुलगी तेव्हा सातवीत, तिला पुस्तक दिलं तर दोन दिवसांत संपवून म्हणाली, बाबा, या गोष्टींत बायका कुठेयत? खरंय, जवळपास नाहीतच. साधीसुमांच्या संघटनेत तिचं नाव घालून घ्या.

बेळगावचा_मॅड:
प्रकाश नारायण संतांचा लंपन. वनवास १९९४ ला आलं, मी तेव्हा नववीत. त्याआधी पुस्तकातली मराठी म्हणजे पुण्याची असते असंच समजत होतो, आम्ही बोलतो ती कानडी हेल लागलेली भाषा म्हणजे घरच्या चपला, बाहेर घालायच्या नाहीत. आणि हा मुलगा आमच्यासारखाच बोलतोय, मनातल्या मनात मॅडसारखा विचार करतोय, आणि ते छापलंय. यात चोर नाही, खजिना नाही, काही होतच नाही म्हणा ना. मी मात्र शेवटची पानं मुद्दाम तीन दिवस वाचली नव्हती.

तेवीस_किलो:
आम्ही नेदरलँड्समध्ये. पुण्याहून निघताना दरवर्षी बॅगेचं तेच भांडण, लोणचं की पुस्तकं, तेवीस किलोच्या वर एक ग्रॅम नाही. माधुरी पुरंदऱ्यांचं राधाचं घर मी केबिन बॅगेत आणलं, लेक अडीच वर्षांची होती. त्यात ना राक्षस ना परी, घरातली माणसं आपापलं काम करतायत बस्. तर ही रोज रात्री राधाच्या आजीला गुड नाइट म्हणणार, आजोबांना म्हणणार. मग एकदा विचारलं, आपल्या घरातले आजोबा कुठल्या पानावर आहेत? मी काही बोललेच नाही, नवऱ्याने व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले.

शनिवार_सव्वापाच:
मी सोसायटीत दर शनिवारी मुलांना मराठी वाचून दाखवते, चौथं वर्ष. तुम्हाला सांगते, पूर्ण वाचायचंच नाही. चोर खिडकीपाशी आला की पुस्तक मिटायचं, "चला, आईने बोलावलंय मला." पहिल्या वर्षी हे मी खरंच आई बोलवायची म्हणून केलं, नंतर मुद्दाम. जोडाक्षर आलं की थबकणारी मुलं पुस्तकासाठी भांडतात, अडखळत का होईना पुढचं पान वाचतात. मागच्या महिन्यात एकाने पुस्तक शर्टात लपवून नेलं, त्याची आई बिचारी लाजत परत द्यायला आली. मी म्हटलं राहूदे हो.
पण सगळं जुनं चालत नाही हेही लिहिते. शाळेतल्या जाड्या मुलाची, तोतऱ्या मुलाची टिंगल आपल्याला तेव्हा खटकली नाही, आता समोर तसा मुलगा बसलेला असतो तेव्हा मी ते वाक्य गिळते.

गिरगावकर_होते:
माळ्यावरचा, कुठला फेणे आहे ते तरी सांगा, माझ्याकडे निम्मा सेट आहे, शेवटच्या पानांचे फोटो काढून पाठवतो. चार आणे पडतील.

माळ्यावरचा:
फोटो मिळाले, गिरगावकरांचे आभार, चार आणे उधार. मी वाचले. छत्तीस वर्षांनी. माझे रात्रीचे शेवट जास्त भारी होते असं प्रामाणिक मत आहे. मुलाला अजून दाखवले नाहीत कारण त्याने दरम्यान वहीत दीड पान शेवट लिहून ठेवलाय आणि त्यात चोर आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी आहे. बायको म्हणते वही कोणाच्या हाती लागू देऊ नका, मेंटेनन्स थकलाय.

उशिरा_आले:
धागा आत्ता बघितला. एक विचारायचं होतं, कोणाला आठवतंय का, एक पातळ पुस्तक, दीपगृहात राहणारा मुलगा, त्याच्याकडे एक लंगडा कुत्रा असतो, आणि कोणीतरी रात्री होडीतून पेट्या उतरवत असतं? कव्हर हिरवं होतं. निदान मला हिरवं आठवतंय.